जहाजांचे निमित्त आणि युद्धाचे कारण

तटस्थ राष्ट्र महायुद्धात कसे ओढले जाते, असा प्रश्न निघाला की बहुधा बेल्जियमचे नाव पुढे येते. १९१४ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सकडे जाण्याची सोयीची वाट म्हणून जर्मन फौजांनी बेल्जियम तुडविला. १९४० च्या एप्रिलमध्ये स्वीडनचे लोहखनिज ज्या किनाऱ्याने जर्मनीकडे जात होते, त्या किनाऱ्यासाठी नॉर्वेवर घाला पडला. या दोन्ही प्रसंगी तटस्थ राष्ट्राच्या हाती फारसे काही नव्हते. दाराशी धाड आली आणि लढावे की शरण जावे एवढाच पर्याय उरला. अशा कथा मनाला चटका लावतात खऱ्या, परंतु तटस्थता म्हणजे काय आणि ती सुटते कशी, यावर त्यांतून फारसा प्रकाश पडत नाही. त्यासाठी पाहावयास हवी ती पोर्तुगालची हकिगत. हे राष्ट्र दीड वर्षाहून अधिक काळ युद्धाच्या उंबरठ्यावर उभे होते. मित्राच्या विनंतीवरून त्याने एक कृत्य केले, त्या कृत्याचे परिणाम त्याला पुरते ठाऊक होते, आणि तरीही युद्ध पुकारल्याचा बोल मात्र शत्रूवर राहिला. या हकिगतीचा एक धागा थेट गोव्यातील मुरगाव बंदरापर्यंत येतो.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धाचा भडका उडाला, तेव्हा अरबी समुद्रात असलेल्या जर्मन व्यापारी जहाजांपुढे मोठाच पेच उभा राहिला. कराची, मुंबई, कोलंबो ही सारी बंदरे ब्रिटिशांची. तेथे शिरणे म्हणजे आपण होऊन शत्रूच्या स्वाधीन होणे. पश्चिम किनाऱ्यावर आसरा घेण्याजोगे परक्या सत्तेचे मोठे बंदर एकच होते, ते मुरगाव. काही जहाजांनी तेथे नांगर टाकला. असेच लिस्बनमध्ये आणि पोर्तुगालच्या इतर वसाहतींतही घडले. ही जहाजे तेथे नुसती उभी होती, आणि नुसती उभी असलेली वस्तूच पुढे युद्धाचे निमित्त ठरली.

पोर्तुगालची तटस्थता मुळातच विचित्र होती. त्याने आपण तटस्थ असल्याचे कधी जाहीरच केले नाही. ७ ऑगस्ट १९१४ रोजी पोर्तुगीज संसदेने ब्रिटनशी असलेल्या जुन्या मैत्रीला आपण बांधील असल्याचे सांगितले. ब्रिटनचा सल्ला असा होता की, पोर्तुगालने युद्धात उतरू नये, पण तटस्थतेची घोषणाही करू नये. या सल्ल्यातील धूर्तपणा उघड आहे. तटस्थतेची घोषणा केली की आंतरराष्ट्रीय कायद्याची बंधने आली. युद्धनौकांना कोळसा-पाणी किती द्यावे, किती तास बंदरात राहू द्यावे, याचे नियम आले. उलट युद्धात उतरू दिले तर दरिद्री मित्राच्या सैन्याला बंदुकीपासून बुटांपर्यंत सारे पुरवण्याची जबाबदारी आली. लंडनला मित्राचे बंदर हवे होते, मित्राचे ओझे नको होते.

ही मैत्री साधीसुधी नव्हे. १३७३ मध्ये पहिला तह झाला, १३८६ मध्ये विंडसर येथे त्याला बळकटी आली, आणि पुढे शतकानुशतके त्यात भर पडत गेली. ज्या १६६१ च्या विवाहकराराने मुंबई बेट आंदणात इंग्रजांच्या राजाकडे गेले, तो करारही याच मालिकेतला. त्यात इंग्लंडने पोर्तुगालचे व त्याच्या सागरापारच्या मुलुखांचे रक्षण करण्याची हमी दिली होती. परंतु तहाचा कागद एक आणि तहामागची दानत दुसरी. १८९८ मध्ये ब्रिटन आणि जर्मनी यांनी गुप्तपणे एक करार केला. कर्जात बुडालेल्या पोर्तुगालला वसाहती गहाण टाकण्याची वेळ आलीच, तर अंगोला व मोझांबिक यांची वाटणी कशी करावयाची, हे त्यात ठरले होते. दुसऱ्याच वर्षी ब्रिटनने पोर्तुगालला जुन्या तहांची ग्वाही पुन्हा दिली! १९१३ मध्ये जर्मनीशी हीच बोलणी पुन्हा होऊन नव्या वाटणीचा मसुदाही तयार झाला होता. मित्र आणि संभाव्य शत्रू दोघेही आपल्या घराची मोजणी करीत आहेत, हे लिस्बनच्या राज्यकर्त्यांना ठाऊक होते. १९१४ ते १९१६ या काळातील त्यांचे वर्तन या भयाच्या पार्श्वभूमीवरच पाहावयास हवे.

आफ्रिकेत तर युद्ध पुकारले जाण्याच्या आधीच रक्त सांडले होते. ऑगस्ट १९१४ मध्ये मोझांबिकच्या उत्तर सीमेवरील माझिउआ या पोर्तुगीज ठाण्यावर जर्मन वसाहतीतून हल्ला झाला. अंगोलाच्या दक्षिणेस नाउलिला येथे ऑक्टोबरमध्ये चकमक होऊन जर्मन अधिकारी मारले गेले, आणि डिसेंबरमध्ये जर्मनांनी त्याच ठिकाणी पोर्तुगीज तुकडीचा पराभव करून सूड उगवला. दोन्ही देशांचे राजदूत मात्र परस्परांच्या राजधान्यांत ठाण मांडून होते. सीमेवर माणसे मरत होती आणि दप्तरी शांतता नांदत होती. ज्यांना वाटते की पहिली गोळी सुटली की युद्ध सुरू होते, त्यांनी नाउलिलाचा हा प्रसंग ध्यानात ठेवावा. गोळ्या सुटूनही युद्ध झाले नाही, कारण त्या वेळी ते कोणालाच नको होते.

१९१६ मध्ये ते हवेसे का झाले? पोर्तुगालमध्ये ऑक्टोबर १९१० मध्ये राजेशाही उलथून प्रजासत्ताक आले होते. युरोप तेव्हा राजेमहाराजांचा होता. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड सोडले तर पोर्तुगालच्या नव्या राज्यव्यवस्थेला दखलपात्र असे सोबती नव्हते. देशाची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, त्यांत चारांपैकी तिघे निरक्षर. राजनिष्ठ मंडळी संधीची वाट पाहत होती, धर्मसत्ता रुष्ट होती, आणि प्रजासत्ताकवादी आपसांत भांडत होते. या अवस्थेत अफोन्सो कोस्ता आणि त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाला वाटू लागले की, युद्धात उतरणे हाच सर्व दुखण्यांवरील उतारा आहे. रणांगणावर फ्रान्स-ब्रिटनच्या खांद्याला खांदा लावला की तहाच्या टेबलावर खुर्ची मिळेल, वसाहती वाचतील, प्रजासत्ताकाला प्रतिष्ठा लाभेल, आणि देशांतर्गत विरोधकांना राष्ट्रद्रोही ठरविणे सोपे जाईल. शेवटचे कारण कोणी उघड बोलत नसे. पण राजकारणात न बोललेली कारणेच पुष्कळदा अधिक वजनदार असतात. १९१५ च्या आरंभी जनरल पिमेंता द कास्त्रो यांचे सरकार आले, ते युद्धापासून दूर राहू पाहत होते. १४ मे १९१५ च्या रक्तरंजित उठावाने ते उलथले गेले आणि वर्षअखेरीस कोस्ता पंतप्रधान झाले.

अर्थात केवळ कोस्तांच्या इच्छेने काही झाले नसते. त्यांना निमंत्रण हवे होते, आणि ते समुद्रातून आले. जर्मन पाणबुड्या ब्रिटनची व्यापारी जहाजे बुडवीत होत्या, आणि इकडे पोर्तुगालच्या बंदरांत सत्तरएक जर्मन जहाजे गंज खात उभी होती. ब्रिटनला पोर्तुगीज सैन्य अजूनही नको होते. ही जहाजे मात्र हवी होती. लिस्बनने चतुराईने सांगितले की, आम्ही ती ताब्यात घेऊ, परंतु तशी विनंती ब्रिटनने जुन्या मैत्रीच्या तहाचा हवाला देऊन केली पाहिजे. फेब्रुवारी १९१६ मध्ये ब्रिटनने तशी विनंती केली. विनंती करणारा आणि ती करवून घेणारा यांत कोण कोणाला युद्धात ओढत होता, हे सांगणे कठीण आहे.

२३ फेब्रुवारी १९१६ रोजी टेगस नदीच्या मुखाशी उभ्या असलेल्या जर्मन जहाजांवर पोर्तुगीज नौसैनिक चढले आणि त्यांनी आपले निशाण फडकविले. लिस्बनपाठोपाठ वसाहतींतील बंदरांतही तेच झाले. मुरगावची जहाजेही ताब्यात गेली. कायद्याच्या भाषेत या कृतीला आधार होता. निकडीच्या प्रसंगी आपल्या बंदरातील परकी जहाजे मोबदला देऊन कामाला लावण्याचा राज्याचा हक्क जुना आहे. परंतु बोलणी न करता, खलाशांना उतरवून, निशाण चढवून घेतलेला ताबा म्हणजे भाड्याने घेणे नव्हे, हे बर्लिनला समजत होते आणि लिस्बनलाही. बहुतेक जहाजे पुढे ब्रिटनच्या दिमतीला गेली, यावरून ती कोणाच्या निकडीसाठी घेतली होती हे स्पष्ट होते.

लिस्बनमधील जर्मन वकील होते फ्रीडरिख रोझेन. फार्सीचे व्यासंगी पंडित, उमर खय्यामच्या रुबायांचे जर्मन भाषांतरकार. ९ मार्च १९१६ रोजी युद्धाच्या घोषणेचा खलिता पोर्तुगीज सरकारला देण्याचे रूक्ष काम या रसिकाच्या वाट्याला आले. पोर्तुगाल स्वतःला इंग्लंडचे मांडलिक समजतो, असा बोचरा आरोप त्या खलित्यात होता. आरोप कुत्सित होता, पण निखालस खोटा नव्हता. खलित्यात जे नव्हते ते एवढेच की, या मांडलिकाने आपले मांडलिकत्व या वेळी मोठ्या हिशेबीपणाने वापरले होते.

मराठीत निमित्त आणि कारण हे दोन शब्द आहेत, आणि इतिहास वाचताना ते निरनिराळे ठेवणे हिताचे असते. जहाजे हे निमित्त. कारण तीन ठिकाणी विभागलेले होते: ब्रिटनच्या जहाजटंचाईत, वसाहतींविषयीच्या भयात आणि एका राजकीय पक्षाच्या महत्त्वाकांक्षेत. यांतील एकही गोष्ट त्या साठ लाख लोकांना विचारून ठरलेली नव्हती.

किंमत मात्र त्यांनीच दिली. १९१७ च्या आरंभापासून सुमारे ५५ हजार पोर्तुगीज सैनिक फ्लँडर्सच्या चिखलात पाठविण्यात आले. त्यांतील बहुसंख्य शेतकऱ्यांची पोरे. जर्मनी कोठे आहे हेही ज्यांना नीट ठाऊक नव्हते, ती जर्मनांविरुद्ध खंदकांत बसली. देशात धान्याची टंचाई झाली आणि मे १९१७ मध्ये लिस्बनमध्ये भुकेल्या जमावांनी दुकाने लुटली. अमेरिका युद्धात उतरल्यावर जहाजे अमेरिकन सैन्याच्या वाहतुकीकडे वळली आणि पोर्तुगीज सैनिकांची ने-आण करण्यास ब्रिटिश जहाजे मिळेनाशी झाली. जहाजे देऊन युद्धात शिरलेल्या देशाच्या सैनिकांना रजेवर घरी जाण्यासाठी जहाज नव्हते! डिसेंबर १९१७ मध्ये सिदोनियु पाइश यांनी सशस्त्र बंड करून कोस्ता सरकार उलथविले. युद्ध पुकारले जाईपर्यंत बर्लिनमध्ये पोर्तुगालचे वकील होते ते हेच गृहस्थ. आघाडीवरील सैनिकांची तर आता कोणालाच आठवण उरली नाही. ९ एप्रिल १९१८ च्या पहाटे लिस नदीच्या खोऱ्यात जर्मन तोफखान्याने आग ओकण्यास सुरुवात केली, तेव्हा थकलेली पोर्तुगीज तुकडी मागे घेतली जाण्याच्या बेतात होती. काही तासांत तिची फळी फुटली. सात हजारांच्या आसपास सैनिक मृत, जखमी वा कैदी झाले. त्यांत कैदीच फार. उत्तर मोझांबिकमध्ये तर गोळीपेक्षा हिवताप आणि हगवण यांनीच अधिक बळी घेतले. तेथे सैन्याचे ओझे वाहता वाहता जे आफ्रिकी हमाल मेले, त्यांची धड मोजदादही कोणी केली नाही.

मग मिळाले काय? वसाहती राहिल्या, हे मान्य करावयास हवे. रोवुमा नदीच्या मुखाजवळचा कियोंगाचा चिमुकला तुकडाही परत मिळाला. पण ज्या प्रजासत्ताकाच्या प्रतिष्ठेसाठी हा खटाटोप केला, तेच त्यातून सावरले नाही. सिदोनियु पाइश यांची डिसेंबर १९१८ मध्ये लिस्बनच्या रेल्वे स्थानकावर हत्या झाली. १९१० पासूनच्या सोळा वर्षांत चाळीसहून अधिक मंत्रिमंडळे आली आणि गेली. २८ मे १९२६ रोजी सैन्याने प्रजासत्ताकाचा शेवट केला, आणि त्या ढिगाऱ्यातून पुढे वर आले ते अर्थशास्त्राचे एक मितभाषी प्राध्यापक, आंतोनियु सालाझार.

तेच बंदर, तीच मैत्री

दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ हाच प्रयोग पुन्हा झाला आणि त्याचे उत्तर मात्र उलटे आले. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये सालाझार यांनी कोणताही संदिग्धपणा न ठेवता तटस्थता जाहीर केली. पुन्हा जर्मन जहाजे मुरगावला आसऱ्यास आली: एहरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स, पुढे इटलीचे आन्फोरा. ब्रिटिशांना संशय होता की, एहरेनफेल्सवरील गुप्त यंत्रातून हिंदी महासागरातील पाणबुड्यांना मित्रराष्ट्रांच्या जहाजांची बित्तंबातमी जाते. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्यातील ब्रिटिश व्यापारी व कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या एका हौशी पलटणीतील पोक्त मंडळी ‘फीबी’ नावाच्या गाळ वाहणाऱ्या बोटीतून कोचीनहून मुरगावात शिरली. त्यांनी एहरेनफेल्सवर हल्ला चढविला, कप्तानासह काही जर्मन मारले गेले, आणि जहाजे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून खलाशांनी स्वतःच ती बुडविली. तारीख होती ९ मार्च. सत्तावीस वर्षांपूर्वी त्याच तारखेला रोझेन खलिता घेऊन गेले होते. ही मोहीम पुढे पस्तीस वर्षे गुप्त राहिली. १९७८ मध्ये जेम्स लीझर यांच्या पुस्तकाने ती उजेडात आली आणि १९८० मध्ये तिच्यावर इंग्रजी चित्रपटही निघाला.

तटस्थ बंदरात शिरून केलेला सशस्त्र हल्ला हा १९१६ च्या जहाजजप्तीपेक्षा कितीतरी पटींनी गंभीर. तरीही युद्ध झाले नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये ब्रिटनने १३७३ च्या तहाचा आधार घेऊन अझोर्स बेटांवर पोर्तुगालच्या संमतीने तळ उभारला. अटलांटिकमधील जर्मन पाणबुड्यांच्या शिकारीसाठीच तो तळ होता. चर्चिल यांनी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये पावणेसहाशे वर्षांपूर्वीचा तह सांगून सभागृहाची करमणूक केली. जर्मनीने निषेधाचा खलिता धाडला, आणि प्रकरण मिटले. पोर्तुगालचे टंगस्टन जर्मन कारखान्यांना हवे होते. इटली नुकतीच शरण गेली होती. रशियातील आघाडी मागे हटत होती. अशा वेळी आणखी एक शत्रू ओढवून घेणे बर्लिनला परवडणारे नव्हते. लिस्बनमध्येही या वेळी कोस्ता नव्हते. सालाझार हे हुकूमशहा होते, त्यांच्या राजवटीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गोव्याने त्यांचे तुरुंग पाहिलेले आहेत. पण युद्धातून देशाला काही मिळवून द्यावयाचे आहे असा मोह त्यांना नव्हता. निमित्त दोन्ही वेळा होते; कारण एकदाच होते.

तथापि हे यशही अखंड नव्हते. पूर्वेकडील तिमोर बेटात जपान येईल या भीतीने डच व ऑस्ट्रेलियन सैन्य डिसेंबर १९४१ मध्ये पोर्तुगालची परवानगी नसताना उतरले. सालाझारांनी निषेध केला. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी सैन्य आले आणि युद्ध संपेपर्यंत राहिले. दुष्काळ आणि दडपशाही यांत हजारो तिमोरी मेले. लिस्बन तटस्थ राहिले, त्याच्या प्रजेतील एका भागावर युद्ध कोसळले. लिस्बनच्या हॉटेलांत दोन्ही पक्षांचे हेर शेजारशेजारच्या मेजांवर बसून कॉफी घेत होते त्याच काळात हे घडत होते.

गोव्याचे नशीब त्या मानाने बरे. फीबीच्या हल्ल्याला वर्षही झाले नव्हते, तोच १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये मुरगावला एक निराळेच दृश्य दिसले. जपानच्या ताब्यातील अमेरिकन व कॅनेडियन नागरिकांना घेऊन तेइया मारू हे जपानी जहाज आले. अमेरिकेतून जपानी नागरिकांना घेऊन ग्रिप्सहोम हे तटस्थ स्वीडनचे जहाज आले. दोन्हीकडचे सुमारे दीड दीड हजार प्रवासी एकाच धक्क्यावर अदलाबदल होऊन आपापल्या देशांकडे निघाले. तटस्थ भूमी उरली नसती तर ही माणसे कोठे भेटली असती?

परंतु गोमंतकीय माणूस युद्धापासून दूर राहिला, असे मात्र म्हणता येत नाही. मुंबईच्या धोबीतलाव परिसरात गोव्याच्या गावागावांचे कूड होते. त्यांत उतरणारे खलाशी, स्वयंपाकी आणि स्ट्युअर्ड पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर नोकरी करीत. या बोटींवर पाणतीर आदळत, तेव्हा तो तळघरातील स्वयंपाक्याचे पारपत्र कोणत्या देशाचे आहे हे विचारीत नसे. तटस्थ राज्याची ही प्रजा युद्धमान राष्ट्राच्या जहाजांवर पोटासाठी गेली आणि समुद्रात राहिली. सीमेपलीकडे, सावंतवाडी आणि बेळगावकडे, स्थिती याच्या उलट पण तितकीच बेसनदशीर होती. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदी लोकप्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. त्याच्या निषेधार्थ मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळासह काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली; मराठा पलटणीचे जवान मात्र आफ्रिका व इटलीच्या आघाड्यांवर गेले. एका बाजूला न विचारता लादलेले युद्ध, दुसऱ्या बाजूला न विचारता लाभलेली तटस्थता. मध्ये कॅसलरॉकचे सीमा-ठाणे.

त्या जुन्या तहाची शेवटची कसोटी लागली ती १९६१ मध्ये. डिसेंबरमध्ये भारतीय सेना गोव्याच्या सीमेवर गोळा होऊ लागली, तेव्हा सालाझार यांनी ब्रिटनला मैत्रीची आणि वसाहतींच्या रक्षणाच्या हमीची आठवण करून दिली. १९१६ मध्ये याच मैत्रीच्या नावाने जहाजे मागितली गेली होती, १९४३ मध्ये अझोर्स बेटे. लंडनचे उत्तर थोडक्यात असे होते की, राष्ट्रकुलातील सभासद देशाविरुद्ध ब्रिटन शस्त्र उचलू शकत नाही. १९ डिसेंबर रोजी पणजीत तिरंगा फडकला.